‘हेम्प’च्या दुकानाला ना हरकत दाखला द्यावा का?

पत्र: मी कराड तालुक्यातील महामार्गालगतच्या एका गावची सरपंच आहे. ग्रामपंचायतीने बांधलेल्या गाळ्यांपैकी एक गाळा गावातल्याच एका तरुणाने भाड्याने मागितला आहे. पुण्याची नोकरी सोडून तो परत आला आहे आणि त्याला ‘हेम्प’च्या वस्तूंचे दुकान काढायचे आहे. त्यात बिया, तेल, साबण, चघळायच्या गोळ्या आणि ओढायचे पेन असेल, असे तो सांगतो. ना हरकत दाखल्यासाठी त्याचा अर्ज आला आहे. अमेरिकेत अशा दुकानांना गावची नगरपालिकाच परवानगी देते, तेव्हा ग्रामसभेचा ठराव झाला की पुरे, असे त्याच्या तिकडच्या चुलतभावाचे म्हणणे आहे. उलट आमच्या बचत गटाच्या महिला म्हणतात की हा गांजाच आहे आणि गावात त्यावर कायमची बंदी घाला. दोन्ही बाजूंच्या ठरावांचे मसुदे आणि त्याने दाखवलेल्या दोन पाकिटांचे फोटो सोबत जोडले आहेत. आम्ही कोणता ठराव करावा? शिवाय महाशिवरात्रीला देवळापुढे थंडाई वाटणारे मंडळ ‘आम्हाला कोण विचारतो’ म्हणते, त्यांना काय सांगावे?

एक सरपंच, कराड तालुका

उत्तर:

सरपंचताई, सप्रेम नमस्कार.

दोन्ही ठराव करू नका. एका ठरावाने पंचायत जे देऊ पाहते आणि दुसऱ्याने जे काढून घेऊ पाहते, ते दोन्ही तिच्या हातात नाही. याचा अर्थ तुमच्या हातात काहीच नाही असा मात्र नव्हे. गाळा तुमचा आहे आणि त्यामुळे तुमची बाजू तुम्हाला वाटते त्याहून बरीच भक्कम आहे. पण तिथे जाण्यापूर्वी ज्या गांजाच्या झाडावरून (इंग्रजीत त्यालाच ‘हेम्प’ म्हणतात) हा वाद सुरू आहे, त्याचे कायद्याने काय केले आहे ते पाहू; कारण तो तरुण आणि बचत गटाच्या भगिनी एकच शब्द वापरून दोन निराळ्या वस्तूंबद्दल बोलत आहेत.

कायदा हे झाड अखंड धरत नाही, त्याचे भाग पाडून पाहतो. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक केंद्रीय कायद्यात, ज्याला आपण सगळे एनडीपीएस म्हणतो, गांजा म्हणजे झाडाचे फुलोरा आलेले किंवा फळ धरलेले शेंडे आणि चरस म्हणजे झाडापासून वेगळी काढलेली राळ. शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया यांना गांजाच्या व्याख्येतून वगळले आहे. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही विभागणी अशीच आहे. इथपर्यंत त्या तरुणाने बरोबर वाचले आहे. त्याची चूक पुढच्या पायरीवर होते. केंद्राच्या एका कायद्यातून पान सुटले, म्हणजे ते मोकळे झाले असे तो धरून चालला आहे. पान म्हणजे भांग, आणि महाराष्ट्रात भांग १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली येते. नावात दारू असल्यामुळे पुष्कळांना हे ठाऊक नसते, परंतु त्या कायद्याने मादक औषधिद्रव्येही आपल्या कक्षेत घेतलेली आहेत, आणि परवान्याशिवाय भांग बनवणे, बाळगणे किंवा विकणे हा त्याच्या कलम ६५ आणि ६६ खाली गुन्हा आहे. शेजारच्या गुजरातने २०१७ मध्ये भांग आपल्या यादीतून काढली. आपण काढलेली नाही. राहिल्या बिया. त्या खाद्यपदार्थ म्हणून विकायच्या, तर अन्न सुरक्षा कायदा लागतो. म्हणजे शेंडा पोलिसांकडे, पान राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे आणि बी अन्न व औषध प्रशासनाकडे. एका झाडाच्या या वाटणीत ग्रामपंचायतीच्या वाट्याला काहीच आलेले नाही.

आता तुम्ही पाठवलेले फोटो. कागदपत्रांऐवजी वस्तू पाठवणारा पत्रलेखक क्वचित भेटतो, म्हणून आधी आभार मानतो.

पहिल्या पाकिटात भाजलेल्या बिया आहेत. मागच्या बाजूला उत्पादकाचा चौदा अंकी अन्न परवाना क्रमांक, तुकडी क्रमांक आणि पोषणमूल्यांचा तक्ता दिसतो. अशा बिया, बियांचे तेल आणि बियांचे पीठ खाद्य म्हणून विकण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये मानके ठरवून दिली. बी पेरले तरी उगवू नये, ही त्यातली एक अट, आणि नशा आणणारा जो घटक आहे, टीएचसी, तो बियांमध्ये किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आणि तेलात १० मिलिग्रॅमच्या वर नसावा, ही दुसरी. इतक्या प्रमाणाने कोणाला झिंग येत नाही. बचत गटाच्या भगिनींना हे शांतपणे सांगायला हवे, कारण तिळाच्या किंवा जवसाच्या चटणीसारखी या बियांची चटणी उत्तराखंडात घरोघरी वाटली जाते आणि तिला तिथे कोणी व्यसन म्हणत नाही. मला खटकले ते पाकिटाच्या दर्शनी बाजूवरचे सात पाकळ्यांचे मोठे हिरवे पान. बियांतली प्रथिने विकणाऱ्याला त्या पानाची गरज काय? गिऱ्हाइकाने पान ओळखावे आणि मनात हसावे, एवढ्यासाठीच ते छापलेले असते, आणि याची दखल तुमच्या अटींमध्ये घेता येईल.

दुसरे पाकीट वेगळ्या जातीचे आहे. आंब्याच्या चवीच्या चघळायच्या गोळ्या, वर ‘शांत झोप’, खाली बारीक अक्षरांत ‘आयुर्वेदिक औषध’ आणि घटकांमध्ये ‘विजया अर्क’. विजया हे भांगेचेच आयुर्वेदातले नाव. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या नियमांत आयुर्वेदातील विषारी द्रव्यांची एक यादी आहे, तिला ई (१) अनुसूची म्हणतात. तिच्यात बचनाग आणि धोत्रा यांच्या पंक्तीला भांग बसवलेली आहे, फक्त तिच्या बिया वगळून. या यादीतले द्रव्य ज्या पोटात घ्यायच्या औषधात असेल, त्याच्या वेष्टनावर ‘सावधान, वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशा अर्थाची सूचना इंग्रजी आणि हिंदीत असावी लागते. फोटो मोठा करून मी चारही बाजू वाचल्या. ती सूचना मला कुठे दिसली नाही. ‘दिवसातून दोन’ एवढेच आहे.

त्याहून अवघड प्रश्न त्या ‘अर्क’ शब्दात आहे. अर्क पानांचा असेल तर तो दारूबंदी कायद्याचा विषय होतो. तोच फुलोऱ्याच्या शेंड्यांचा असेल तर केंद्रीय कायद्यात त्याला औषधी गांजा असे नाव असून ते उत्पादित अंमली द्रव्य मानले जाते आणि शिक्षेचे कलमही बदलते. गोळी हातात धरून यातले काय खरे ते तुम्हाला, मला किंवा दुकानदाराला सांगता येणार नाही, ते न्यायवैद्यक प्रयोगशाळाच सांगेल. तोपर्यंत दुकानदार कुठे असेल याचा विचार त्या तरुणाने करावा, कारण केंद्रीय कायद्यात आरोपीचा हेतू गृहीत धरला जातो आणि ‘मला माहीत नव्हते’ हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर पडतो. शिवाय मिश्रणात शुद्ध द्रव्य किती हे न पाहता साखर, पेक्टिन, रंग यांसकट संपूर्ण मिश्रणाचे वजन धरावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिलेला आहे. पाच किलो गोळ्यांचा खोका हा न्यायालयात पाच किलोच असतो.

माझ्या वकिलीच्या सुरुवातीच्या काळात साताऱ्यातल्या एका पानटपरीवाल्याची आई माझ्याकडे आली होती. बरणीत मनुक्यासारख्या काळ्या गोळ्यांच्या पुड्या, प्रत्येकीवर ‘पाचक’ असे छापलेले. पोराने त्या घाऊक बाजारातून बडीशेपेच्या पाकिटांबरोबर आणल्या होत्या आणि त्यांत भांग आहे हे त्याला खरोखर ठाऊक नव्हते, असे मला आजही वाटते. त्याच्याकडे त्या पुड्यांचे बिल नव्हते. बिल असते तर प्रकरण पुरवठादाराकडे वळवता आले असते. ते नव्हते म्हणून ते तीन वर्षे त्याच्याच गळ्यात राहिले.

साबणाबद्दल फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. उत्पादकाचा सौंदर्यप्रसाधनाचा परवाना क्रमांक वेष्टनावर आहे का ते पाहावे. ओढायच्या पेनबद्दल तर एकच वाक्य पुरेसे आहे: आत काहीही असो, निकोटिन असो वा नसो, अशा उपकरणांची विक्री २०१९ च्या ई-सिगारेट बंदी कायद्याने देशभर बंद आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

चुलतभावाने तिकडचे सांगितले ते त्याच्या परीने खोटे नाही. कॅलिफोर्नियाचे उदाहरण घ्या. तिथे नोव्हेंबर २०१६ च्या मतदानात प्रौढांसाठी गांजा कायदेशीर करताना, आपल्या हद्दीत दुकाने असू द्यायची की नाहीत हे ठरवण्याचा अधिकार त्याच कायद्याने शहरांना आणि काउंटींना दिला, आणि पुष्कळ शहरांनी तो ‘नको’ म्हणण्यासाठी वापरला. म्हणजे आधी राज्याने दार उघडले आणि मग ते लावून घेण्याची मुभा गावांना दिली. आपल्याकडे राज्याने ते दार उघडलेलेच नाही. केंद्रीय कायद्याच्या कलम १० नुसार गांजाबाबत परवानगी देण्याचा व नियमन करण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे, आणि राज्याने न दिलेली परवानगी ग्रामसभा देऊ शकत नाही, मग ठराव एकमताने होवो की टाळ्यांच्या गजरात. उद्या काही बरेवाईट झाले तर तो ठराव त्या तरुणाला वाचवणार नाही, मात्र सूचक, अनुमोदक आणि अध्यक्ष म्हणून सही करणाऱ्या तुम्ही, अशी तीन नावे तपासी अंमलदाराला आयती मिळतील.

बंदीच्या ठरावाचेही तसेच आहे. भगिनींच्या मनात बहुधा ‘आडवी बाटली’ आहे आणि ते स्वाभाविक आहे, कारण त्या मतदानाने अनेक गावांनी दारूची दुकाने बंद केली. पण २००८ चा तो आदेश दारूचा चालू परवाना बंद करण्यापुरता आहे. त्यात महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी पंचवीस टक्क्यांनी मागणी करायची, मग गुप्त मतदान, आणि निम्म्याहून अधिक मतदार आडव्या बाटलीच्या बाजूने गेले तर दुकान बंद, अशी रीत आहे. इथे बंद करायला परवानाच नाही. गडचिरोली किंवा नंदुरबारकडील अनुसूचित क्षेत्रात मादक पदार्थांच्या विक्रीचे नियमन करण्याचा अधिकार १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आहे, परंतु सातारा आणि सांगली हे जिल्हे त्या क्षेत्रात येत नाहीत. पंचायतींसाठी राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत जे २९ विषय आहेत, त्यांत बाजार आणि जत्रा आहेत, आरोग्य आणि स्वच्छता आहे. मादक पदार्थ नाहीत. कायदेशीर धंदा करण्याच्या हक्कावर कायद्यानेच बंधन घालता येते, आणि ग्रामसभेचा ठराव हा कायदा नव्हे. बियांची पाकिटे रीतसर परवान्याने विकणाऱ्याला तुम्ही नुसत्या ठरावावर अडवले, तर तो उच्च न्यायालयात जाईल आणि वकिलाचे पैसे पंचायतीच्या तिजोरीतून जातील.

बचत गटाच्या मसुद्यातील एक वाक्य इथे उतरवून घेतो, कारण ते वाचून मला हसू आले आणि नंतर काळजी वाटली: ‘गावाच्या हद्दीत ताग, अंबाडी, गांजा व तत्सम हेम्प वर्गातील कोणत्याही वस्तूची विक्री करण्यास कायमची मनाई करण्यात येत आहे.’ कोणीतरी मोबाइलवर ‘हेम्प’चा मराठी अर्थ शोधला असणार. भगिनींनो, आडसाली उसाच्या आधी रानात जो ताग पेरून फुलोऱ्यावर आला की गाडतात, तो ताग वेगळा. त्याला इंग्रजीत ‘सनहेम्प’ म्हणतात, आणि त्याचा गांजाच्या झाडाशी काही संबंध नाही. तो वालघेवड्याच्या कुळातला आहे, म्हणून तर जमिनीला नत्र देतो. अंबाडीला ‘डेक्कन हेम्प’ म्हणतात, ती भेंडीच्या कुळातली. हा ठराव मंजूर झाला असता, तर कृषी सेवा केंद्रातले हिरवळीच्या खताचे बियाणे, बैलांची दावी आणि मंगळवारच्या बाजारातली अंबाडीची जुडी, सगळेच कायमचे हद्दपार झाले असते. आणि ज्या गोळ्यांसाठी हा खटाटोप, त्यांच्या पाकिटावर ‘हेम्प’ शब्दच नाही, ‘विजया’ आहे.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, गाळ्याकडे मालक म्हणून पाहा. शासन म्हणून जे तुम्हाला करता येत नाही, ते मालक म्हणून करारात लिहिता येते. मात्र अटी एकट्या त्या तरुणासाठी घालू नका. सगळ्या गाळ्यांच्या लिलावाच्या जाहीर सूचनेतच त्या असू द्या, म्हणजे कोणाला सूड वाटणार नाही. प्रत्येक वस्तूचे खरेदीचे बिल दुकानात असले पाहिजे. खाद्यपदार्थ विकणाऱ्याने अन्न सुरक्षा नोंदणी दर्शनी भागात लावली पाहिजे. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या लेखी परवानगीशिवाय भांग, विजया किंवा त्यांचा अर्क असलेली कोणतीही वस्तू गाळ्यात ठेवता येणार नाही. मादक वनस्पतीचे चित्र असलेला फलक लावता येणार नाही. यातली एक अट मोडली तरी सात दिवसांच्या नोटिशीने गाळा रिकामा करून घेण्याचा हक्क पंचायतीला राहील. ही कलमे पंचायतीच्या वकिलांकडून नीट लिहून घ्या. आपल्या ताब्यातील जागा अशा गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू देणाऱ्यालाही केंद्रीय कायद्याच्या कलम २५ खाली शिक्षा आहे, त्यामुळे हा करार तुमच्याही संरक्षणासाठी आहे.

दुसरी गोष्ट पत्रव्यवहाराची. अर्जाला ‘नाही’ असे एका शब्दाचे उत्तर देऊ नका. अर्जदाराने विकावयाच्या वस्तूंची यादी, उत्पादकांचे परवाने आणि प्रत्येकी एक वेष्टन सादर करावे, असे लेखी कळवा. यादी आली की तिची प्रत अन्न व औषध प्रशासनाच्या साताऱ्यातील कार्यालयाला आणि राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांना पाठवून अभिप्राय मागवा, पोच घ्या आणि तो विषय मासिक सभेच्या इतिवृत्तात नोंदवा. ना हरकत दाखला देण्याची वेळ आलीच, तर तो जागेपुरता आहे, वस्तूंच्या कायदेशीरपणाविषयी नाही, हे वाक्य त्यात ठळक असू द्या. पुढे दुकान सुरू झाल्यावर शंका आली, तर कोणीही ग्राहक बिल घेऊन पाकीट विकत घेऊ शकतो आणि शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. पंचायतीने मात्र स्वतः छापा घालू नये. झडती आणि जप्तीचे अधिकार पोलीस, उत्पादन शुल्क, महसूल अशा ठरावीक खात्यांच्या अधिकाऱ्यांना आहेत, आणि उत्साही सदस्यांनी उचलून आणलेला खोका पुराव्याच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

सरपंच म्हणून तुमच्यावर एक कर्तव्य मात्र कायद्याने थेट टाकलेले आहे, आणि दोन्हीपैकी एकाही मसुद्यात त्याचा उल्लेख नाही. गावच्या हद्दीत कुठे उसाच्या किंवा मक्याच्या आडोशाला गांजाची लागवड असल्याचे पंचाला, सरपंचाला किंवा कोणत्याही ग्राम अधिकाऱ्याला कळले, तर त्याने ताबडतोब खबर दिली पाहिजे आणि न दिल्यास तो शिक्षेस पात्र ठरतो, असे एनडीपीएसचे कलम ४७ सांगते. पोलीस पाटलांना सांगितले होते, एवढ्यावर थांबू नका. पोलीस ठाण्याला लेखी कळवा आणि आवक क्रमांक घ्या. ग्रामसभेला ठराव करायचाच असेल, तर अशी खबर कोणी, कोणाला आणि कशी द्यायची याचा करावा, आणि त्यात शाळेच्या मुख्याध्यापकांनाही घ्यावे. शाळेपासून १०० यार्डांची मर्यादा तंबाखूविक्रीची आहे, गोळ्यांना ती लागू नाही. पण अल्पवयीन मुलाला मादक द्रव्य देणाऱ्याला बालन्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, हे दुकानदाराला समोर बसवून सांगावे.

त्या तरुणाला समोर बसवाच. तो लबाड आहे असे तुमच्या पत्रातून मला कुठे वाटले नाही. तसा असता तर त्याने पाकिटे दाखवलीच नसती. बिया, बियांचे तेल आणि साबण एवढ्यावर दुकान चालते का, हे त्याला विचारा. चालत असेल तर महामार्गावरच्या गिऱ्हाइकासाठी सोबत गूळ, काकवी आणि आपल्याकडची हळद ठेवूनही त्याला धंदा करता येईल आणि गाळा द्यायला कोणाची हरकत राहणार नाही. गोळ्यांशिवाय हिशेब जमत नाही असे तो म्हणाला, तर त्याला मुळात काय विकायचे आहे याचे उत्तर तुम्हाला आणि त्यालाही मिळेल. गावातल्या कोणाला खरोखर झोपेची तक्रार असेल आणि वैद्यांनी विजयायुक्त औषध लिहून दिले असेल, तर ते त्याने वैद्यांच्या देखरेखीखाली घ्यावे. साबण आणि बियांच्या मधल्या फळीवरून उचलण्याची ती वस्तू नाही.

थंडाईचे उत्तर सोपे आहे. बदाम, बडीशेप, खसखस, मिरी आणि गुलाबपाकळ्यांच्या थंडाईला कोणी अडवत नाही. तिच्यात भांग घोटायची असेल तर मंडळाच्या अध्यक्षांनी आधी उत्पादन शुल्क कार्यालयात स्वतःच्या नावाने रीतसर अर्ज करावा आणि लेखी उत्तर मिळेपर्यंत थांबावे. मंडपासाठी दिलेल्या पंचायतीच्या परवानगीत यंदा ‘भांगविरहित प्रसादासाठी’ हे दोन शब्द वाढवा आणि ती प्रत अध्यक्षांच्या सहीने परत घ्या.